श्रीकारापासून ताजा कलमापर्यंत

मराठी माणूस कोरा कागद पुढे ओढतो तेव्हा त्याचा हात प्रथम माथ्याच्या मधोमध जातो आणि तेथे 'श्री' उमटतो. मग तो कागद वाण्याच्या यादीचा असो, जमाखर्चाचा असो की पत्राचा. पत्र आणि पूजा यांत आपल्या वाडवडिलांनी फार मोठे अंतर मानले नव्हते याची ही पहिली खूण. अपवाद एकच. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर श्री नसे. पोस्टमनच्या हातातले कार्ड उलटे असले तरी घरातली जाणती बाई ते सुलटे करताच मजकूर वाचण्यापूर्वी मटकन् खाली बसे, कारण माथा रिकामा दिसलेला असे. असे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. आमच्या घरातील जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात म्हणूनच लग्ने, मुंजी, बारशी विपुल आहेत, आणि मरण जवळजवळ नाहीच. वंशावळ जुळवायला बसणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

श्रीनंतर मायना. वडिलांस 'तीर्थरूप', वडीलधाऱ्या इतरांस 'तीर्थस्वरूप', विधवा वडील स्त्रीस 'गंगाभागीरथी', लहानांस 'चिरंजीव', विवाहित लेकीसुनेस 'सौभाग्यवती'. कोणास साष्टांग नमस्कार, कोणास नुसता नमस्कार, कोणास अनेक आशीर्वाद, हे चुकले तर पत्र पोहोचल्याबरोबर उलट टपाली कानउघाडणी होई. आजच्या मुलांना हा सारा खटाटोप वाटतो. विधवेसाठी निराळा मायना ठेवणारी रीत गेली हे बरेच झाले, आम्हांलाही तिचे दुःख नाही. पण बाकीच्या मायन्यात एक शिक्षण होते. लेखणी टेकविण्यापूर्वी 'हा माणूस माझा कोण' हे क्षणभर थांबून ठरवावे लागे.

इंदूरच्या मराठी घरांत पत्राला जे मोल होते ते पुण्यासाताऱ्याच्या घरांत असणे शक्य नव्हते. मल्हारराव होळकरांच्या मागोमाग अठराव्या शतकात माळव्यात आलेली कुळे, पुढे दरबारच्या चाकरीसाठी आलेली, त्याहून पुढे गिरण्या, रेल्वे आणि शाळा यांच्यासाठी आलेली. सगळ्यांचे कुलदैवत, सोयरिकी आणि माहेर 'देशावर', आणि चूल मात्र येथे. मधला धागा कागदाचा. अहिल्यादेवींचा कारभार महेश्वराहून चालला तोही पत्रांवरच, मोडी अक्षरात. आणि त्यांच्या हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराची आज्ञा म्हणून नाव पडे, ही गोष्ट आपल्यातील प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. राज्याच्या कागदावर देवाचे नाव घालून सही करणे याला नुसती नम्रता म्हणता यायचे नाही. आपण लिहिले ते कोणीतरी वरून वाचणार आहे, ही जाणीव त्यात आहे.

सामान्यांच्या हाती पत्र आले ते फार पुढे. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले, किंमत पाव आणा. होळकर संस्थानाने स्वतःचे तिकीट काढले १८८६ साली, त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांचे चित्र होते. निळे आंतरदेशीय पत्र आले स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या गांधीजयंतीला. त्या निळ्या कागदाच्या तीन बाजू भरल्यावर, घड्यांच्या पट्ट्या भरल्यावर, शेवटी समासात आडवे फिरत फिरत लिहिलेले बायकांचे मजकूर आम्ही पाहिले आहेत. खरी बातमी बहुधा त्या समासातच असे. वर 'येथे सर्व कुशल', आणि कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत 'भाऊला सांगू नकोस, पण'.

आता पत्र आणि भक्ती यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडतो आहोत असे कोणी म्हणेल, म्हणून थेट तुकोबांकडे जातो. एके वर्षी प्रकृती ठीक नसल्याने तुकोबांना पंढरीस जाता आले नाही. त्यांनी वारकऱ्यांच्या हाती विठोबाला पत्र पाठविले, अशी परंपरा आहे. 'पत्रिकेचे अभंग' म्हणून ते गाथ्यात आहेत. त्यांत विनवणी आहे, रुसवा आहे, का विसरलास असा प्रश्न आहे. सासरी अडकलेली लेक माहेरी जे लिहील तेच सारे. एवढ्याने भागत नाही. वारकरी परत येईपर्यंत उत्तराची वाट पाहणारे अभंगही पुढे आहेत. पत्र टाकल्यावर पोस्टमनच्या पावलांकडे कान लावून बसलेल्या कोणाही माणसाची ती अवस्था आहे. देवाला पत्र लिहिणारे पुष्कळ असतील, पण उत्तराचे दिवस मोजणारा विरळा.

दुसरे पत्र चांगदेवांचे. ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने थोर, मग मायना कोणता घालावा हे सुचेना, म्हणून चांगदेवांनी कोराच कागद पाठविला ही कथा सर्वश्रुत आहे. मायन्यापाशी अडलेल्या माणसाची याहून प्रसिद्ध गोष्ट मराठीत नसावी! त्या कोऱ्या कागदाचे उत्तर पासष्ट ओव्यांचे, ती 'चांगदेव पासष्टी'. बऱ्हाणपूरच्या वाटेने खानदेशात उतरणाऱ्या आपल्या इंदूरकरांनी तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवांचे स्थान अवश्य पाहावे.

आणि तुकोबांची ही रीत संपलेली नाही. आपल्या जुन्या इंदुरातील चिंतामण गणपतीच्या नावे परगावी, परदेशी गेलेले भक्त पत्रे पाठवीत आणि पुजारी ती मूर्तीच्या कानाशी वाचून दाखवीत. पुढे पत्रांची जागा दूरध्वनीने घेतली. भक्त तिकडून बोलतो आणि पुजारी यंत्र देवाच्या कानाला लावतात. आम्हांला विचाराल तर त्यात काहीतरी उणे वाटते. बोललेले गणरायाने ऐकलेच असेल, शंका नाही, पण लिहिणाऱ्याला लिहिता लिहिता जे स्वतःशी उमगते ते बोलणाऱ्याला उमगत असेल काय? राजस्थानात रणथंभोरच्या किल्ल्यातील त्रिनेत्र गणेशाला तर लग्नपत्रिकांचा ढीग टपालाने येतो आणि पोस्टमन तो गडावर पोहोचवितो. केरळातल्या शबरीमलाच्या अय्यप्पास्वामींना डाकखात्याने स्वतंत्र पिनकोड दिला आहे, ६८९७१३. यात्रेच्या हंगामातच ते टपालघर चालते. देवाचा पत्ता सरकारदरबारी नोंदलेला असावा, ही कल्पना तुकोबांना नक्की आवडली असती.

पत्राला पत्ता तरी असतो. ज्या लेखनाला पत्ताही नाही असे एक लेखन आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. ते म्हणजे नामाची वही. वाराणसीत राम रमापती बँक आहे. तेथे पैसा नव्हे, लिहिलेले रामनाम जमा होते. संकल्प सव्वा लक्षाचा. रोज पाचशे नामे लिहिली तर अडीचशे दिवस लागतात. अयोध्येत १९७० पासून सीताराम बँक आहे. आपल्याकडे मात्र बँकेची गरज पडली नाही, देव्हाऱ्याखालचा कप्पा पुरला. दुपारची झाकपाक झाली की आमची आजी चष्मा पुसून बसे आणि चौकटींच्या वहीत 'श्रीराम जय राम जय जय राम' लिही. शाळा तिने जेमतेम चार इयत्ता पाहिलेली. तिच्या मागे त्या वह्या उघडल्या तेव्हा ध्यानात आले की नामांच्या मधूनमधून, कडेला, तारखेशेजारी, बारीक काही लिहिलेले आहे. 'आज पाऊस.' 'गुडघा.' 'धाकटीचे पत्र नाही.' चार दिवसांनी पुन्हा 'पत्र नाही.' मग एका पानावर नाम नेहमीपेक्षा मोठ्या, सैल अक्षरात, आणि कडेला 'पत्र आले, मुलगा झाला'. रोजनिशी हा शब्द तिला माहीत होता की नाही कोण जाणे. तिने ती लिहिली होती, आणि एकाच वाचकासाठी लिहिली होती. आम्ही तिचे दुसरे वाचक झालो, ते तिला विचारल्यावाचून.

अशा लेखनाची परंपरा काही लहान नाही. संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपले बालपण, पतीचा रोष, तुकोबांची ओढ हे सारे अभंगांतून सांगितले. एका मराठी स्त्रीचे ते आत्मकथन आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. समर्थ रामदासांनी स्वहस्ते उतरून काढलेले वाल्मीकिरामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेले आहे. दुसऱ्याचा ग्रंथ अक्षर अक्षर उतरून काढणे हीदेखील साधनाच होती. छापखाने झाल्यावर आपण तिला नक्कल म्हणू लागलो. विनोबांची 'विचारपोथी' ही शुद्ध आत्मचिंतनाची वही. छापली जाण्यापूर्वी जिज्ञासू ती हातांनी उतरून घेत. त्यांची गीतेवरची प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली ती टिपून घेतली साने गुरुजींनी. त्या वेळी गुरुजींचा हात आखडला असता तर 'गीता प्रवचने' आज आपल्या कपाटात नसती. त्याच गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे कोणा घरात राहिली नसतील तर ती वाचनालयातून आणून मुलांना वाचून दाखवावीत. विनोबा १९६० साली आपल्या इंदुरात मुक्कामाला होते, येथील विसर्जन आश्रम ही त्या मुक्कामाची खूण.

येथवर आनंदाचे झाले. आता जे आमच्या मनाला लागून राहिले आहे ते लिहितो. रामबाग, नंदलालपुरा, लोकमान्यनगर, सुदामानगर, कोठल्याही मराठी घरात जा, मुले मराठी बोलतात. हिंदीची थोडी सरमिसळ करीत का होईना, गोड बोलतात. पण लिहीत नाहीत. लिपी हिंदीची तीच, म्हणून आईबापांना वाटते मूल मराठी वाचील आणि लिहील. लिहायला बसविले की 'ळ' चा 'ल' होतो, 'माझ्या' चे 'माज्या' होते आणि 'दुसऱ्या' पाशी लेखणी थांबते. शाळेत मराठी नाही; मराठी लिहिण्याचे एकमेव निमित्त म्हणजे आजीला, मामाला पत्र, आणि ते गेले. बोलणे यंत्रातून होते, चेहराही दिसतो, त्याचे सुख आम्हीही घेतो. पण आमच्या पन्नाशीतल्या पिढीनंतर इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत मराठी हस्ताक्षर उरणार नाही, हे आम्ही मुख्याध्यापक म्हणून रोज वह्या पाहणारे डोळ्यांनी बघत आहोत. एकदा हे घडून गेलेलेच आहे. मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरची दप्तरे मुकी झाली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून असे कागद मिळविले, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला. त्यांच्या हाती लागले त्याहून किती रद्दीत गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी पणजोबांची पत्रे रुमालात बांधलेली आहेत. दसऱ्याला त्यांवर गंधफूल वाहतात. वाचता एकालाही येत नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना चार गोष्टी सांगतो. जुन्या पत्रावर चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडून कागद खाते. प्लॅस्टिकच्या आवरणात गरम दाबून बंदिस्त करू नये, ते पुढे कधीच सोडविता येत नाही. इनलँड पत्र घडीवर फाटते, म्हणून उलगडून सपाट ठेवावे, धुतलेल्या सुती कापडात, लोखंडी पेटी असल्यास कापडाचे दोन वेढे देऊन. उन्हात वाळवायचे नाही, शाई उडते. छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि घरातील जी म्हातारी माणसे अक्षर ओळखतात त्यांच्याकडून 'हा बंडू कोण, ही ताई कोणाची' हे वेगळ्या कागदावर आजच लिहून घ्यावे. हे शेवटचे काम सर्वांत निकडीचे.

आणि नवे? गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी दर रविवारी सकाळी वस्तीतली मुले जमतात. प्रत्येकाला पन्नास पैशांचे एक पोस्टकार्ड. पन्नास पैशांचे नाणे बाजारात कोणी हाती धरीत नाही, पण पोस्टकार्डाला ती किंमत होती याचे मुलांना नवल वाटले. माथ्यावर श्री, उजवीकडे गाव आणि तारीख, मग मायना. विषय आम्ही देत नाही. ज्या मुलांना कोणास लिहावे ते सुचत नाही ती गणपतीला लिहितात. एकाने गणित सुटावे म्हणून लिहिले, एकीने आजोबांचे डोळे बरे व्हावेत म्हणून. ती पत्रे आम्ही वाचत नाही, अक्षर तपासतानाही मजकुरावर हात ठेवायला सांगतो. आजी-आजोबांना गेलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांची उत्तरे आली. देवासच्या एका आजींनी उत्तर तर दिलेच, शिवाय नातवाचे मूळ कार्ड पाकिटात घालून परत पाठविले. त्यावर लाल शाईने चार ठिकाणी 'ल' चा 'ळ' केलेला होता आणि खाली ताजा कलम होता: पुढले पत्र दिवाळीपूर्वी यावे, आणि 'मंगळवार' दहा वेळा लिहून यावा.