एम.ए. करू की एम.एस.डब्ल्यू.?

बी.ए.चा निकाल लागला की आमच्या हातकणंगल्यात घरोघरी एकच विषय, "आता पुढं काय?" मुलगा असेल तर नोकरीचं बोलणं निघतं. मुलगी असेल तर आत्याबाई हळूच म्हणतात, "स्थळ येईपर्यंत एम.ए. करू दे की!" म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण हे स्टेशनवरचं बाकडं. गाडी आली की उठायचं!

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची लेक अशीच अडली होती. मराठी घेऊन बी.ए., गुण चांगले. एकीकडे शिवाजी विद्यापीठात एम.ए., दुसरीकडे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत एम.एस.डब्ल्यू. वडिलांचा निकाल तयार होता, "कोल्हापूर बरं. सकाळी जाईल, दिवेलागणीला घरात."

मी तिला विचारलं, "तुला स्वतःला काय आवडतं गं?" म्हणाली, "काकू, मला वाचायला आवडतं, पण शिकवायला नको वाटतं." मग एम.ए. कशासाठी? भाषेची ओढ असेल तर जरूर करावं. पण प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के हवेत, वर नेट किंवा सेट. आणि स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर एमपीएससीच्या राज्यसेवेला साधी पदवी पुरते.

एम.एस.डब्ल्यू. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं. यात वर्गाइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, दवाखान्यात, एखाद्या संस्थेत जायचं, लोकांशी बोलायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. पुढे सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक अशा जागांना हीच पदवी लागते. जागा थोड्या असतात, हेही मी तिला सांगितलं. उगाच स्वप्नं दाखवू नयेत.

मग आला पैशाचा प्रश्न. २०२४ मध्ये सरकारने मुलींची फी माफ केली, तेव्हापासून गावात समज झालाय की मुलींना सगळंच फुकट. तसं नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तो निर्णय आहे. आपला कोर्स त्यात बसतो का आणि महाडीबीटीवर कुठली शिष्यवृत्ती मिळते, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा. फीपेक्षा राहणं-जेवणंच जड जातं. खेड्यातल्या पोरांची शाळा राहण्यापायी सुटते, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मुलींच्या बाबतीत अजून गाडी तिथंच अडते.

मायलेकी दोघी पुण्याला जाऊन आल्या. आईने खोलीभाडं आणि मेसचा हिशेब वहीत लिहून आणला. लेकीने मात्र शहाणपणा केला. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारलं, मागच्या बॅचच्या मुली आज कुठं आहेत? प्रत्येकीने हा प्रश्न विचारायलाच हवा. माहितीपत्रकात सगळंच गोड असतं!

हिशेब काही बसेना. तेव्हा मी कोल्हापुरातल्या सायबरचं नाव काढलं. तिथेही एम.एस.डब्ल्यू. आहे. मला विचाराल तर तिने पुण्याला जावं असंच वाटत होतं, घराबाहेर राहूनही बाई घडते. पण घर तिचं, खिसा तिच्या वडिलांचा. कोर्स मनासारखा मिळाला, गाव नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अडचणीत ही सोय बरी, पण पाहुण्यांसमोर तिचा उच्चार नको. लगेच म्हणतात, "मग एकच वर्ष बास की!"

ती आता सायबरला जाते. क्षेत्रकार्याच्या दिवशी परतायला रात्रीचे आठ वाजतात. वडील कुरकुरतात. आई काही न बोलता चप्पल घालते आणि तिला आणायला स्टँडवर जाते.