बाहेरचा पत्ता आणि आंतला पत्ता

इंटरनेटवर सरकारें पहारा कसा बसवितात, आणि तो पहारा चुकवून लोक आपले निरोप कसे पोंचवितात, ह्याविषयीं आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत बरेंच कुतूहल दिसून येतें. ह्यासंबंधीं त्यांच्या मनांत जी कल्पना असते ती बहुधा गुप्त लिपीची असते. मजकूर कोणास वाचतां येऊं नये अशी तजवीज झाली कीं काम भागलें, असें त्यांस वाटतें. वस्तुतः मजकूर लपविणें ही गोष्ट आतां फारशी अवघड राहिलेली नाहीं. अवघड आहे तें पत्ता लपविणें. पत्रांत काय लिहिलें आहे हें न कळलें तरी तें कोणाकडे चाललें आहे एवढें कळल्यास पहारेकऱ्याचें काम होतें; तो तें वाचीत बसत नाहीं, फाडून टाकतो. ह्या अडचणींतून निघण्यासाठीं जी एक चतुर युक्ती निघाली तिची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिला 'डोमेन फ्रंटिंग' असें म्हणतात. आपण तिला दर्शनी नांवाची युक्ती म्हणूं. ती सुमारें चार वर्षें मोठ्या जोरानें चालली आणि २०१८ सालच्या एका महिन्यांत बव्हंशीं बंद पडली. ती पहारेकऱ्यांनीं बंद पाडली नाहीं, हा तिच्या इतिहासांतील विशेष होय.

प्रथम पहारेकऱ्यास दिसतें काय, तें पाहूं. आपण एखादें संकेतस्थळ उघडतों तेव्हां त्याचें नांव तीन वेळां उच्चारलें जातें. पहिल्यानें, ह्या नांवाच्या यंत्राचा क्रमांक कोणता, अशी विचारणा होते. ती साधारणतः उघड असते. मग त्या क्रमांकाच्या यंत्राशीं संधान बांधलें जातें आणि पुढील बोलणें कुलपांत घालण्यापूर्वीं एक नमस्कार-चमत्कार होतो. त्यांत आपणांस कोणत्या संकेतस्थळाकडे जावयाचें आहे, हें पुन्हां सांगावें लागतें. हें दुसरें सांगणें कां, असें कोणी विचारील. कारण असें कीं, एकाच यंत्रावर शेंकडों संकेतस्थळें नांदत असतात, आणि कोणाचें ओळखपत्र पुढें करावयाचें हें त्या यंत्रास आधींच कळल्यावांचून कुलूप लावतां येत नाहीं. ह्या सांगण्याची रीत २००३ सालीं ठरली. तिला 'एसएनआय' म्हणतात. कुलूप लागल्यावर आंतल्या मजकुरांत तेंच नांव तिसऱ्यांदां येतें. पहिलीं दोन नांवें रस्त्यावर ऐकूं येतात. तिसरें बंद दाराआड उच्चारलें जातें.

पहारेकरी मुख्यतः दुसऱ्या नांवावर कान ठेवून असतो. हें केवळ परदेशांतच चालतें असें नव्हे. बंगळूर येथील एका संशोधन-संस्थेच्या मंडळींनीं २०१९ सालीं दाखवून दिलें कीं, आपल्या देशांतील एक मोठी मोबाईल कंपनी बंदी घातलेलीं संकेतस्थळें अडविण्यासाठीं हेंच नांव तपासून पाहत होती.

आतां ज्या आडोशाला ही युक्ती उभी राहिली त्याविषयीं. अमेरिकेंतून मुंबईस एखादें चित्र वारंवार मागवावयाचें तर वेळ जातो आणि मूळ यंत्रावर गर्दी होते. म्हणून त्याच्या प्रती जगांतील गांवोगांवच्या कोठारांत ठेवाव्या आणि मागणाऱ्यास जवळच्या कोठारांतून द्याव्या, ही कल्पना निघाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली ह्यांनीं ह्या गर्दीचा प्रश्न १९९५ सालीं पुढें मांडला. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांतील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचा विद्यार्थी डॅनी लुइन ह्यांनीं तो मनावर घेतला, व १९९८ सालीं अकामाय ही कंपनी स्थापन केली. (११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर जें पहिलें विमान आदळलें त्यांत हा बुद्धिमान तरुण मरण पावला.) पुढें अमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, क्लाउडफ्लेअर इत्यादि कंपन्यांनींहि हा धंदा उभारला. ह्या कोठारांच्या जाळ्यास 'कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क' म्हणतात. आज बँका, वर्तमानपत्रें, दुकानें, खेळांचीं प्रक्षेपणें, एवढेंच काय पण सरकारी खातीं, सर्व ह्याच थोड्या पेढ्यांच्या दारांतून ये-जा करतात.

युक्ती येथेंच आहे. समजा, एका मोठ्या पेढीच्या आश्रयास दोन संकेतस्थळें आहेत. एक निरुपद्रवी व परवानगीचें, दुसरें बंदी घातलेलें. प्रवाशानें क्रमांकाची विचारणा परवानगीच्या नांवानें करावयाची, नमस्काराच्या वेळींहि तेंच नांव घ्यावयाचें, आणि कुलूप लागल्यावर आंतल्या मजकुरांत मात्र बंदीचें नांव लिहावयाचें. पहारेकरी बाहेरचा पत्ता वाचून वाट देतो. पेढीच्या दाराशीं कुलूप उघडतें, तेथील यंत्र आंतलें नांव वाचतें आणि मागणी मुकाट्यानें त्या दुसऱ्या ठिकाणीं पोंचवितें. लखोट्यांत लखोटा घालून तो शेटजींच्या नांवें पाठवावा आणि शेटजींच्या मुनिमानें आंतला लखोटा खऱ्या धन्याकडे धाडावा, तसा हा प्रकार.

आग्र्याच्या पेटाऱ्यांची आठवण येथें कोणासहि होईल. परंतु एक भेद ध्यानांत ठेवावा. परंपरागत कथेंतील पहारेकरी रोज रोज मिठाई पाहून ढिला पडला होता. येथला पहारेकरी ढिला नसतो. कित्येक पेटाऱ्यांत माणसें बसलेलीं आहेत हें त्याला पक्कें ठाऊक असतें. पण कोणत्या, हें त्यास ओळखतां येत नाहीं, आणि सगळेच पेटारे अडवावे तर शहराचा बाजार बसतो. चीन सरकारनें जानेवारी २०१३ मध्यें गिटहब हें संगणक-कारागिरांचें भांडार बंद करून पाहिलें. देशांतील कारागिरांनींच इतकी ओरड केली कीं तें थोड्याच दिवसांत उघडावें लागलें. बंदीची किंमत बंदी घालणारासच भारी पडावी, हें ह्या युक्तीचें सारें बळ आहे. जेथें ती किंमत द्यावयास सरकार तयार असतें तेथें तिचें कांहीं चालत नाहीं. २०१४ च्या मध्यास चीनमध्यें गूगलच संपूर्ण बंद झालें, तेव्हां गूगलच्या आडून जाणें तेथें आपोआप संपलें, आणि लोकांना अमेझॉन व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या दारांकडे वळावें लागलें.

ह्या युक्तीस शास्त्रीय रूप देण्याचें श्रेय डेव्हिड फिफील्ड व त्यांचे सहकारी ह्यांस आहे. त्यांचा निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला; त्याच्या आदल्या वर्षींच त्यांचें 'मीक' नांवाचें साधन टोर ह्या संस्थेच्या ब्राउझरांत आलें होतें. मीक म्हणजे गरीब, नम्र. आणि तें वागतेंहि तसेंच. वेबच्या रीतीप्रमाणें सर्व्हर विचारल्याशिवाय बोलत नाहीं. म्हणून मीक सारखें विचारीत राहतें, माझ्यासाठीं कांहीं आलें आहे काय? उत्तर नकारार्थी आलें तर प्रथम एक दशांश सेकंद थांबून पुन्हां विचारतें, मग थोडा अधिक वेळ थांबतें, आणि शेवटीं पांच पांच सेकंदांनीं विचारूं लागतें. दुसरी एक खबरदारी अशी कीं, नमस्कार करण्याची प्रत्येक प्रोग्रामची लकब निराळी असते, आणि पहारेकरी त्या लकबीवरूनहि माणूस ओळखतो. म्हणून मीकनें स्वतः नमस्कार न करतां तें काम खऱ्या फायरफॉक्स ब्राउझरकडून करवून घेतलें. चालीवरून ओळखूं येऊं नये म्हणून दुसऱ्याचे पाय उसने घेण्यासारखेंच हें आहे! हें सर्व मंद चालतें, आणि पेढीचें वाहतुकीचें बिल साधन चालविणारास भरावें लागतें तें वेगळेंच.

बिलाच्या ह्याच दुखऱ्या जागीं कसा घाव घालतां येतो तें २०१५ च्या मार्चमध्यें दिसून आलें. ग्रेटफायर नांवाची संस्था चीनमध्यें बंद असलेल्या संकेतस्थळांच्या प्रती अमेझॉनच्या कोठारांत ठेवीत असे. तिच्यावर अकस्मात् मागण्यांचा असा लोंढा सोडण्यांत आला कीं, संस्थेच्या म्हणण्याप्रमाणें खर्च दिवसाला ३०,००० डॉलरपर्यंत चढला. टोरांटो विद्यापीठांतील सिटिझन लॅबनें शोध करून ह्या हत्याराला 'मोठी तोफ' असें नांव दिलें. बायडू ह्या चिनी कंपनीकडे परदेशांतून येणाऱ्या वाटसरूंच्या ब्राउझरांत वाटेंतच घातकी सूचना मिसळून, त्यांच्या नकळत त्यांच्याच हातून हा मारा करविला होता.

डिसेंबर २०१६ मध्यें इजिप्तनें सिग्नल हें निरोपांचें साधन बंद केलें. थोड्याच दिवसांत त्याच्या चालकांनीं अशी व्यवस्था केली कीं, इजिप्त व संयुक्त अरब अमिरात येथील लोकांचे निरोप पहारेकऱ्यास साध्या गूगलच्या मागण्यांसारखे दिसावे. पुढें ओमान व कतार येथेंहि तसेंच केलें. ज्या देशांत एखाद्या बातमीदाराचा निरोप कोणाकडे गेला एवढें कळणेंहि त्यास धोक्याचें, तेथें ह्या सोयीचें मोल काय असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

इराणांत मात्र चमत्कारिक अडचण होती. तेथें दार इराणनें लावलें होतेंच, पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळें गूगलनेंहि आपली ती सेवा इराणी लोकांस बंद ठेविली होती. ती उघडावी म्हणून २०१८ च्या आरंभीं कित्येक धोरणविषयक संस्थांनीं गूगलवर दडपण आणिलें. सिग्नलच्या चालकांनीं लिहिल्याप्रमाणें, शेवटीं उत्तर आलें तें हें कीं, तीस दिवसांनीं दर्शनी नांवाची युक्ती कोठेंच चालणार नाहीं! एप्रिलमध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, ही सोय आम्हीं कधीं देऊं केलीच नव्हती. आमच्या यंत्ररचनेंतील एका लकबीमुळें ती घडत होती. सिग्नल अमेझॉनकडे वळलें आणि तिच्या मालकीच्या सूक ह्या अरबी दुकानाचें नांव दर्शनीं लावण्याचा बेत केला. महिनाअखेर अमेझॉननेंहि दार लावलें, आणि पुन्हां असें केल्यास खातें बंद करूं अशी समज दिली. मायक्रोसॉफ्टनें तीच वाट बंद करण्याचा मनोदय मार्च २०२१ मध्यें प्रसिद्ध केला.

कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्हांस वाटत नाहीं. दुसऱ्याच्या नांवाची पाटी त्याला न विचारतां आपल्या दारावर लावणें हें सरळ नव्हे. उद्यां त्या नांवावर बंदी आली तर नुकसान त्या निरपराध दुकानदाराचें. शिवाय ह्या वाटेनें केवळ पीडित लोकच जात होते असें नाहीं. रशियाशीं संबंधित मानल्या जाणाऱ्या एका हेर-टोळीनें मीकच्याच आडून आपला कारभार चालविला होता, असें फायरआय ह्या सुरक्षा-कंपनीनें २०१७ सालीं उघडकीस आणलें. तरीहि दारें नेमकीं कोणत्या घटकेस लागलीं हें विसरतां येत नाहीं. त्याच एप्रिलमध्यें रशियन सरकार टेलिग्राम बंद करण्याच्या मागें लागलें होतें. टेलिग्राम अमेझॉन व गूगल ह्यांच्या यंत्रांवरून पत्ते बदलीत पळत राहिलें, आणि रशियाच्या नियामक खात्यानें त्या दोन कंपन्यांचे दीड कोटीहून अधिक क्रमांक अडविले. दुकानें, खेळ, कचेऱ्यांचीं कामें, असंख्य निरपराध सेवा कोलमडल्या. टेलिग्राम चालूच राहिलें, आणि जून २०२० मध्यें बंदी उठविण्यांत आली. म्हणजे पहारेकरी सारा बाजार बसवावयासहि तयार होऊं शकतो, हें पेढ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. भीतीनें दार लाविलें कीं हिशेबानें, हें त्यांचें त्यांस ठाऊक. आमच्या मतें दोहोंचाहि भाग असावा. मूळ दोष मात्र युक्तींतच होता. निराधारांचा हा आसरा कोणीं त्यांस दिलेला नव्हता. मालकाचें लक्ष नव्हतें तोंवर तो होता.

(पालकांनीं धास्ती घेऊं नये. शाळेच्या संगणकांवर खेळ अडविलेले आहेत ते चुकविण्याची ही कृति नव्हे. आणि कोणा चिरंजीवांस तशी आशा वाटली असल्यास, वर सांगितलेलीं दारें केव्हांच लागलीं आहेत हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.)

ही कल्पना लहान रूपानें अद्यापि जिवंत आहे. टोरचें 'स्नोफ्लेक' नांवाचें साधन तिचा उपयोग केवळ पहिल्या भेटीपुरता करतें. कोणता मदतनीस मोकळा आहे एवढें विचारण्यासाठीं दर्शनी नांव, आणि पुढील सारी वाहतूक जगभरच्या स्वयंसेवकांच्या साध्या ब्राउझरांतून. सप्टेंबर २०२२ मध्यें इराणांत महसा अमिनी हिच्या मृत्यूनंतर लोकक्षोभ उसळला व सरकारनें इंटरनेटची नाडी आवळली, तेव्हां तेथें स्नोफ्लेक वापरणारांची संख्या एकाएकीं फार वाढली.

दुसरीकडे, ती नमस्काराच्या वेळची उघडी बोली मुळांतच झांकावी असा राजमार्गाचा प्रयत्नहि चालू आहे. ह्या नव्या रीतींत बाहेर पेढीचें एकच सामान्य नांव दिसतें आणि खरें नांव कुलपांत राहतें. पेढी संमतीनें भागीदार असते, आणि कोणा तिसऱ्याचें नांव वापरावें लागत नाहीं. हिचा आरंभींचा प्रकार चीननें जुलै २०२० च्या अखेरीस अडवावयास प्रारंभ केला. सुधारलेला प्रकार क्लाउडफ्लेअरनें २०२४ च्या शरदांत आपल्या आश्रयाच्या संकेतस्थळांना सरसकट लागू केला. आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत रशियानें तो अडविला. तेथील खात्यानें संकेतस्थळांच्या मालकांस जाहीर सल्ला दिला कीं, ही रीत बंद करा, अथवा त्याहून बरें म्हणजे परदेशी पेढी सोडून देशी पेढीच्या आश्रयास या.