घरखर्चात बचत : किराण्याची बेगमी सुगीतच करा

पिकाच्या उत्पादन खर्चाचा हिशेब आपण आता बऱ्यापैकी ठेवू लागलो आहोत. बियाणे किती लागले, खताची किती पोती टाकली, मजुरी किती गेली हे विचारले तर चटकन सांगता येते. परंतु घरात वर्षाला साखर किती लागते, तेल किती लागते आणि किराणा दुकानात वर्षभरात एकूण किती रक्कम गेली, असे विचारले तर फारच थोड्या घरांतून उत्तर मिळते. शेतीत उत्पन्न वाढविणे नेहमीच आपल्या हातात नसते. पाऊस आणि बाजारभाव आपले ऐकत नाहीत. घरखर्चात बचत करणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

ही बचत दुकानदाराशी रुपया-दोन रुपयांची घासाघीस करून होत नाही. शेतकरी कुटुंबाचे खरे नुकसान दोन ठिकाणी होते. एक, घरी पिकलेला माल सुगीत स्वस्त विकून तोच पुढे महाग विकत घेण्यात. आणि दोन, किराण्याच्या उधारीत. या दोन्ही बाबींचा हिशेब क्रमाने पाहू.

घरची तूर, घरचीच डाळ

पाच माणसांच्या घरात दिवसाला १०० ग्रॅम तूरडाळ लागते असे धरले, तर वर्षाला सुमारे ३६ किलो डाळ लागेल. साध्या पद्धतीने डाळ केली तरी १०० किलो तुरीपासून ७० किलोच्या आसपास डाळ मिळते. म्हणजे अर्धा क्विंटल तूर घरी ठेवली तर वर्षाची डाळ जवळजवळ निघते.

आता पैशांचा हिशेब करू. समजा तुरीला किलोला ७० रुपये भाव आहे. ५० किलो तूर विकली तर ३,५०० रुपये येतील. हीच तूर ठेवून डाळ केली आणि भरडाईला ४०० रुपये लागले, तर ३५ किलो डाळ ३,९०० रुपयांत पडली. म्हणजे किलोला सुमारे १११ रुपये. दुकानात तीच डाळ १४० रुपये किलोने घेतली तर ४,९०० रुपये मोजावे लागतील. एका डाळीतच १,००० रुपये वाचतात. शिवाय चुणी व टरफल जनावरांना मिळते ते वेगळेच. वरील भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या भागातील चालू भाव घालून हाच हिशेब करावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी मिनी दाल मिल विकसित केली आहे. अशी गिरणी जवळपास असेल तर वाहतुकीचा खर्चही वाचतो. हरभरा, मूग व उडीद यांचाही असाच हिशेब मांडता येतो.

मात्र सर्वच माल घरी ठेवणे शहाणपणाचे नाही. घराला लागेल तेवढाच ठेवावा. गिरणी फार दूर असेल किंवा साठवणीची सोय नसेल तर फायदा राहत नाही. वरील उदाहरणात साडेतीन किलो डाळ कीड लागून वाया गेली, तरी वाचलेल्या रकमेपैकी निम्मी गेली असे समजावे.

साठवणीतील काळजी

१. धान्य भरण्यापूर्वी कडक उन्हात चांगले वाळवावे. दाणा दाताखाली धरला असता कडकन फुटला पाहिजे. ज्वारी, गहू यांसारख्या धान्यात १० ते १२ टक्के, तर कडधान्यात ९ ते १० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा.

२. वाळलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नये. ते सावलीत पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम धान्याला आत घाम सुटतो व बुरशी येते.

३. कोठी किंवा पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. जुने धान्य नव्यात मिसळू नये. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावीत.

४. कडधान्यातील भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. म्हणून तूर व हरभरा शक्यतो डाळ करून ठेवावा. अख्खे कडधान्य ठेवायचे असल्यास किलोला ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवावे.

५. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोठीतील धान्य हात घालून तपासावे. धान्यात हात गरम लागला तर ते लगेच बाहेर काढून वाळवावे.

६. खाण्याच्या धान्यात शेतातील कीटकनाशकाची भुकटी कधीही मिसळू नये. धुरीच्या विषारी गोळ्या राहत्या घरात अजिबात वापरू नयेत. त्यांच्यातून निघणारा वायू प्राणघातक असतो. झोपण्याच्या खोलीत ठेवलेल्या धान्यात अशी गोळी टाकणे म्हणजे घरातील माणसांचा जीव धोक्यात घालणे होय.

तेलाच्या बाबतीत उलट नियम पाळावा. भुईमुगाच्या शेंगा चांगल्या टिकतात, परंतु काढलेले तेल फार दिवस ठेवल्यास खवट होते. म्हणून शेंगा साठवाव्यात आणि तेल दोन-तीन महिन्यांपुरतेच काढावे.

उधारीचा खरा भाव

कोरडवाहू भागात अनेक घरांत जून ते नोव्हेंबर हे सहा महिने किराणा उधारीवर चालतो आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीन किंवा कापूस विकून फेड होते. दुकानदार व्याज लावत नाही, म्हणून ही उधारी फुकटची वाटते. पण तसे नसते. रोखीचा भाव वेगळा आणि वहीचा भाव वेगळा असतो.

समजा महिन्याचा किराणा ४,००० रुपयांचा आहे. सहा महिन्यांचे २४,००० रुपये झाले. उधारीमुळे दर शंभर रुपयांमागे ४ रुपये जास्त पडले, तर ९६० रुपये जादा गेले. जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे पाच-सहा महिने थकतात आणि नोव्हेंबरच्या मालाचे थोडेच दिवस. म्हणजे सरासरी तीन महिन्यांची उधारी झाली. तीन महिन्यांना ४ टक्के म्हणजे वर्षाला १६ टक्के व्याज झाले. सवलतीच्या पीककर्जाचा दर ७ टक्के आहे आणि वेळेत फेड केल्यास तो ४ टक्क्यांवर येतो. त्याच्याशी ही तुलना करून पाहावी.

याहून मोठे नुकसान वहीत कोठेच दिसत नाही. काही ठिकाणी किराणा देणारा व्यापारीच शेतमालही घेतो. ज्याच्या दुकानात वही चालू आहे त्यालाच माल घालावा लागतो आणि भावावर बोलता येत नाही. १५ क्विंटल सोयाबीनला क्विंटलमागे १०० रुपये कमी मिळाले तर १,५०० रुपये गेले. उधारीचे ९६० आणि हे १,५०० मिळून २,४६० रुपये, म्हणजे अर्ध्या महिन्याहून अधिक किराणा झाला. वजन पुन्हा करून मागणे, माल परत करणे, दुसऱ्या दुकानात भाव विचारणे या गोष्टीही उधारीच्या गिऱ्हाईकाला जड जातात.

अडचणीत दुकानदारच उपयोगी पडतो, ही गोष्टही खरी आहे. आजारपणात किंवा पेरणीच्या वेळी त्याने माल दिला नसता तर चूल पेटली नसती, असे अनुभव अनेकांचे आहेत. म्हणून संबंध तोडू नयेत. उधारी अडचणीपुरती ठेवावी, तिची सवय होऊ देऊ नये.

उधारीतून बाहेर कसे पडावे?

एका वर्षात हे साधत नाही. पट्टीचे पैसे हातात येताच, इतर खर्च सुरू होण्यापूर्वी, पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या किराण्याची रक्कम बाजूला काढावी आणि ती घरातील बाईच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. रब्बी असणाऱ्यांनी मार्च-एप्रिलच्या पट्टीतून हे करावे. दुसऱ्या वर्षी चार महिन्यांची आणि तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांची रक्कम ठेवावी. रक्कम शिल्लक नसेल तर बँकेत चौकशी करावी. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत पीककर्जाच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या व घरखर्चाच्या गरजेसाठी धरलेली असते. परंतु मुदतीत फेड होण्याची खात्री असेल तरच तिला हात लावावा.

रेशनवरील हक्काचे धान्यही सोडू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी आणि पावतीवरील वजन ताडून पाहावे.

हंगामात खरेदी

मिरची, हळद, चिंच व गूळ हे जिन्नस नवीन माल बाजारात येतो त्या दिवसांत रोखीने घ्यावेत. मिरची, हळद व धने अख्खे घेऊन घरी किंवा डोळ्यांदेखत कांडून घ्यावेत. दळलेल्या मसाल्यात भेसळ ओळखणे कठीण असते आणि अख्खा मसाला जास्त टिकतो. तयार भुकटी घ्यावयाची असल्यास ॲगमार्कचे चिन्ह पाहून घ्यावी. गूळ पावसाळ्यापूर्वी घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.

बेगमी करताना गरजेचा अंदाज मात्र घ्यावा. आरोग्याच्या दृष्टीने मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आणि साखर २५ ग्रॅमच्या आत असावी. पाच माणसांना महिन्याला मीठ पाऊण किलो आणि साखर पावणेचार किलो, यापेक्षा जास्त लागू नये. तेल माणशी २० ते २५ ग्रॅम धरल्यास महिन्याला ३ ते पावणेचार किलो पुरते. आपल्या घरात यापेक्षा जास्त लागत असेल, तर ते कमी केल्याने पैसा आणि प्रकृती दोन्ही राखल्या जातील.

वजन, माप आणि पाकीट

एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने एका लिटरचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. एका दुकानात किलोचा भाव व दुसऱ्यात लिटरचा भाव असेल तर थेट तुलना करू नये. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असते, हे लक्षात ठेवून भाव काढावा. एक लिटरची दिसणारी पिशवी कधी ८५० किंवा ९०० मिलिलिटरची असू शकते, म्हणून छापलेले निव्वळ वजन वाचावे.

पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असणे आवश्यक आहे. खाद्यपदार्थावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. छापील किंमत ही कमाल किंमत आहे. त्यापेक्षा कमी भावाने मागण्याचा आपल्याला हक्क आहे, जास्त घेण्याचा दुकानदाराला नाही. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते असे नाही. किमतीला वजनाने भागून किलोचा भाव काढावा. सुटा माल घेताना काटा शून्यावर आहे ना हे पाहावे. दगडाचे वजन चालवून घेऊ नये. तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मोफत नोंदविता येते.

मिळून खरेदी

१९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शहरात एक साधी पद्धत रूढ केली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक भावाने आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. गावातील महिला बचत गटाला हे सहज जमण्यासारखे आहे. दहा घरांनी मिळून साखरेचे ५० किलोचे पोते व तेलाचे डबे तालुक्याच्या घाऊक बाजारातून आणावेत. गाडीभाडे धरूनही भाव कमी पडतो का, हे आधी काढावे. तीन नियम पाळावेत : पैसे आधी जमा करावेत, माल त्याच दिवशी सर्वांसमोर मोजून वाटावा, आणि गटात उधारी ठेवू नये. उधारी शिरली की गट मोडतो.

एक वही घाला

शेवटी, एक शंभरपानी वही घ्यावी. तीत तारीख, वस्तू, वजन, दर, रक्कम आणि रोख की उधार एवढे सहा रकाने आखावेत. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडून ती रोज लिहून घ्यावी. दुकानदाराच्या वहीशी महिन्यातून एकदा ती ताडून पाहावी. वर्षअखेरीस घराला काय आणि किती लागते हे या वहीतून कळेल आणि पुढील सुगीत किती पोती विकायची व किती ठेवायची, हे पट्टी होण्यापूर्वीच पती-पत्नींनी मिळून ठरविता येईल. येत्या हंगामात निदान घरच्या डाळीपुरती तूर बाजूला काढून आणि दोन महिन्यांचा किराणा रोखीने भरून याची सुरुवात करावी.