पडद्यावरचा मासा आणि त्याच्या पोटातली हवा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला महाप्याची एमआयडीसी आणि तिचा इलेक्ट्रॉनिक झोन. रस्ता ओलांडून घणसोली-कोपरखैरणे मागे टाकलं की तिवरं लागतात आणि तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. ऐरोलीजवळचं दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे या गावांचं मासेमारीशी जुनं नातं आहे. बोईट, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी आणि नशिबात असेल तर जिताडा, असं या पाण्याचं देणं. फ्लेमिंगोंमुळे खाडीचं नाव झालं, 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण पाणी इतकं गढूळ की होडीच्या काठावरून हातभर खालचंही दिसत नाही. अशा पाण्यात डोळ्यांचं काम आवाजाकडून करून घ्यावं लागतं आणि फिशफाइंडर नेमकं तेच करतो.

होडीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. तळ पाच मीटरवर असेल तर जाऊन यायला सात मिलिसेकंदही लागत नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचे स्फटिक वापरून ही विद्या पुढे नेली. 1948 मध्ये जपानच्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी ती मच्छिमारांच्या कामाला लावली. प्रतिध्वनीची ही विद्या येण्याआधी जगभर, आपल्या किनाऱ्यावरही, खोली मोजायची ती दोरीला वजन बांधून, वावांच्या हिशेबाने.

पण या यंत्राला मासा दिसतो म्हणजे काय दिसतं? माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखंच असतं, त्यामुळे आवाज बराचसा त्यातून आरपार जातो. तो जोरात परततो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीची हीच पिशवी म्हणजे बोत, ज्याला परदेशी बाजारात सोन्याचा भाव येतो. 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या मच्छिमारांना एकाच फेरीत दीडशेहून अधिक घोळ मिळाली आणि तिला कोटीच्या वर भाव आल्याची बातमी देशभर गाजली, ती या बोताच्याच जोरावर. ढोमा आणि घोळ यांच्या कुळातले मासे याच पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून आवाजही काढतात. मुशीला अशी पिशवी नसते, वाढलेल्या लेपीलाही नसते, म्हणून ते पडद्यावर फिके उमटतात. चिखलाला चिकटून बसलेली चिंबोरी तर तळाच्या रेघेतच मिसळून जाते. चिंबोरीसाठी कुणी हे यंत्र घेत असेल तर त्याने पैसे वाचवावेत.

म्हणजे हवेमुळे मासा दिसतो. आणि हवेमुळेच यंत्र आंधळं होतं. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर थंड जेली लावतात, कारण कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज आत शिरत नाही. होडीखालीही तीच गत. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी बुडबुडे आले की महागातलं महाग यंत्रही नुसती खरखर दाखवतं. म्हणून पडद्याच्या इंचांवर जास्तीचे पैसे घालवण्याआधी बसवणी नीट व्हावी असं माझं ठाम मत आहे.

तरीही निवड करताना दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. पहिली वारंवारता. 200 किलोहर्ट्झचा आवाज बारीक तपशील दाखवतो, पण फार खोल जात नाही. 50 किलोहर्ट्झचा खोल जातो, तपशील मात्र ढोबळ. खाडीला खोलीची गरजच नाही, तिथे 200 किंवा त्याच्या आसपासचा पट्टा वापरणारा चर्प प्रकार उत्तम. वॉटचे मोठे आकडेही खोल समुद्रासाठी असतात. दुसरी गोष्ट शंकूचा कोन. 20 अंशांचा शंकू पाच मीटर खोलीवर जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तळ पाहतो, 60 अंशांचा पावणेसहा मीटरच्या आसपास. उथळ पाण्यात रुंद शंकू हवा.

ठाण्याच्या खाडीत आणखी एक पेच आहे, तो चिखलाचा. तळावरचा वरचा चिखल इतका पातळ असू शकतो की नांगर त्यातून सरळ खाली जातो, पण 200 किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरच्या थरावरूनच परततो आणि यंत्र त्यालाच तळ समजतं. बंदरांच्या खोलीची मोजणी करणारे म्हणूनच दोन वारंवारता एकदम वापरतात: वरची रेघ पातळ चिखलाची, खालची घट्ट तळाची. दोन वारंवारतांचं यंत्र परवडत असेल तर खाडीवाल्याने ते खोलीसाठी नव्हे, या चिखलासाठी घ्यावं.

आता बसवणी. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिका तलावातल्या, धक्क्याला बांधलेल्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि ओहोटीला आपल्या कित्येक होड्या सरळ चिखलात टेकतात. मागच्या फळीला खाली लोंबणारा ट्रान्सड्यूसर लावला तर होडीचा भार एक दिवस त्याच्यावरच येणार. म्हणून पहिला विचार तळ कशाचा आहे याचा करावा. एकसंध फायबरचा तळ असेल तर ट्रान्सड्यूसर आतूनच, तळाला इपॉक्सीने चिकटवता येतो, बाहेर काहीच लोंबत नाही. इपॉक्सीत बुडबुडा मात्र राहता कामा नये, आणि फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर हा मार्ग बंद. आधी त्या जागी पाण्याने भरलेली पिशवी ठेवून तिच्यात ट्रान्सड्यूसर धरून पाहावा; तळ स्पष्ट दिसला तरच चिकटवावा. असा आत बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्याचं तापमान सांगत नाही, बाजूचं चित्रही दाखवत नाही.

लाकडी होडीला आतून बसवणं जमत नाही. तळाला भोक पाडून बसवायचा तर तो काशाचा घ्यावा, कारण पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर त्या दाबाने तडकू शकतो. मला विचाराल तर लहान लाकडी होडीला वर उचलता येणारी दांडी किंवा बिजागरीची पट्टीच बरी. ती जाळं ओढायच्या विरुद्ध बाजूला असावी, नाहीतर पहिल्याच खेपेला दोर तिच्यात अडकेल.

मागच्या फळीलाच लावायचा असेल तर पंख्यापासून निदान 38 सेंटिमीटर दूर, आणि पंख्याची पाती ज्या बाजूला खाली येतात त्या बाजूला. बहुतेक इंजिनांना ती उजवी बाजू असते. ट्रान्सड्यूसरचं तोंड होडीच्या तळापेक्षा काही मिलिमीटर खाली, पाण्याच्या पातळीला समांतर. त्याच्या पुढे तळावर रिबिट, पट्टी किंवा पाणी ओढायचं तोंड असलं की तिथून निघणारे बुडबुडे थेट त्याच्यावर येतात. फळीला आधी एक वेगळी पट्टी ठोकून तिच्यावर ट्रान्सड्यूसर बसवला तर जागा बदलताना फळीची चाळण होत नाही. प्रत्येक भोकात सागरी सीलंट भरावं, कारण फळीत शिरलेलं खारं पाणी ती आतून कुजवतं.

वीज थेट 12 व्होल्टच्या बॅटरीतून, फ्यूज लावून घ्यावी आणि वायर इंजिनाच्या वायरींपासून लांब न्यावी. इंजिन बंद असताना चित्र स्वच्छ आणि चालू करताच पडद्यावर ठिपके, असं झालं तर दोष वायरींमध्ये शोधावा.

पडदा वाचण्याची एकच खूण आधी पक्की करावी. उजवा काठ म्हणजे आत्ता, बाकी सगळं मागे पडलेलं. होडी उभी असताना एकच मासा खाली रेंगाळला तर तो लांब रेघ काढतो, थवा नव्हे. माशाची चित्रं दाखवणारी सोय बंद ठेवावी. आपल्या खाडीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीलाही ती मासा म्हणते.

पहिली चाचणी अर्ध्या भरतीला घ्यावी. आधी सावकाश, मग वेग वाढवत जावं. वेगात तळाची रेघ तुटू लागली तर ट्रान्सड्यूसर थोडा खाली सरकवावा किंवा त्याची मागची कड जरा खाली कलवावी, आणि रेघ सलग आल्यावरच शेवटचे स्क्रू पक्के आवळावेत. उरलेली केबल कापू नये, गुंडाळून बांधून ठेवावी. आणि तोंडावर शेवाळ, शंख-शिंपले धरले की साबणाच्या पाण्याने मऊ कापडाने पुसावं. थिनर लावला तर प्लास्टिक खराब होतं.