निरोपाचा सामना

1943 म्हटले की आमच्या पलूस-कुंडलकडच्या माणसाला तुफान सेना आठवते, शेणोलीजवळ अडवलेली पगाराची गाडी आठवते. त्याच वर्षी जपानमधली काही पोरं एका बेसबॉल सामन्यासाठी झगडत होती.

टोकियोच्या वासेदा विद्यापीठाचा संघ 1901 चा. केइओ विद्यापीठाशी पहिली गाठ 1903 मध्ये पडली; केइओ 11-9 ने जिंकले. 1906 मध्ये दोन्हींकडच्या पाठीराख्यांची ईर्षा एवढी वाढली की सामनेच थांबले, ते थेट 1925 पर्यंत! आपली कुस्तीची मैदानं पाहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

पुढे अमेरिकेशी युद्ध पेटलं. खेळ शत्रूचा ठरला. 'स्ट्राइक' हा शब्दसुद्धा चालेना. शब्दांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे! 1943 मध्ये विद्यापीठांची साखळी स्पर्धा मोडली, विद्यार्थ्यांची सैन्यभरतीतली सवलतही गेली. जाण्याआधी एकदा खेळू द्या, एवढंच पोरांचं मागणं. वासेदाच्या कारभाऱ्यांनी नकार दिला. संघाचे ज्येष्ठ मार्गदर्शक तोबिता यांनी तो जुमानला नाही. 16 ऑक्टोबरला वासेदाच्याच मैदानावर सामना झाला. केइओचे प्रमुख कोइझुमी मानाची जागा सोडून विद्यार्थ्यांत बसले. वासेदा 10-1 ने जिंकले. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांची गीतं गायली.

पाच दिवसांनी, भर पावसात, टोकियोत विद्यार्थी-सैनिकांचं निरोपाचं संचलन निघालं. त्या सामन्यातले काहीजण परतले नाहीत.