कातडीखालचे स्थलांतर

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना कमरेवर उद्भवलेल्या त्वचेच्या कर्करोगाचे काही रोगी आढळले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी काचून तेथे वण पडे आणि पुढे त्या वणातच रोग मूळ धरी. १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. कमरेवरचा व्रण कोणासही दिसे. पण रोग जांघेतील लसीकाग्रंथींत उतरला की नाही, हे जाणण्यास वैद्याची बोटे, शस्त्रवैद्याची सुरी आणि सूक्ष्मदर्शक यांवाचून साधन नव्हते.

प्रश्न आजही तोच आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, मूळ जागी असेतो कापून काढता येतो. तो लसीकेच्या प्रवाहात शिरला की उपचाराची सारी दिशा बदलते. (या प्रसारास आम्ही ‘स्थलांतर’ हा साधा शब्द योजला आहे.) आपल्याकडे हा रोग विरळ, परंतु होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर होतो, आणि अनवाणी चालणारा मनुष्य तो डाग काटा रुतल्याची खूण समजून स्वस्थ राहतो.

स्थलांतर शोधण्याची एक युक्ती अशी. कर्कपेशी साखरेच्या भुकेल्या असतात. शर्करेसारख्या द्रव्यास किरणोत्सारी फ्ल्युओरीन जोडून ते शिरेत टोचतात. पेशी ते शोषून घेतात आणि तेथून उमटणारे किरण यंत्र बाहेरून टिपते. हीच पेट तपासणी. या फ्ल्युओरिनाचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. ते दूरदेशाहून कसे मागवावे? म्हणून परळच्याच किरणोत्सार वैद्यक केंद्रात २००२ साली भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले. आता दिल्लीच्या मयूर विहारातील रोग्यास या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

चित्र मात्र फसवूही शकते. मेंदू स्वभावतःच साखर खातो, त्यामुळे तेथील रोग त्या उजेडात लपतो. पायाच्या चिघळलेल्या जखमेने सुजलेली ग्रंथीही तेजाळते. आणि एकदोन मिलिमीटरांचा कर्कपुंज तर दिसतच नाही.

त्यासाठी जर्मनीतील एसेन येथे निराळा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्वचेतील मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यावर प्रकाशाचे क्षणिक झोत सोडले असता ते किंचित तापून प्रसरण पावते आणि सूक्ष्म ध्वनी निघतो. तो ऐकून यंत्र ग्रंथीचे चित्र रेखाटते. ज्या ग्रंथींत यंत्रास मेलॅनिन आढळले नाही, त्या छेद घेऊन पाहता कर्कमुक्तच निघाल्या. मेलॅनिन आढळले, तर मात्र ते कर्कपेशींचे की निरुपद्रवी तिळाच्या पेशींचे, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते.