शिल्प कारागीर प्रशिक्षण व दुर्बल घटक

शिल्प कारागीर प्रशिक्षण : जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री इ. व्यवसायांचे पद्धतशीर शिक्षण देऊन उद्योगधंद्यांसाठी कुशल कामगार तयार करण्याची शासकीय योजना. भारतात ती १९५० मध्ये सुरू झाली. तिच्या अंतर्गत स्थापन झालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आय.टी.आय.) १९५६ मध्ये राज्यांच्या प्रशासनाखाली आल्या व अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांत एकसूत्रीपणा राखण्यासाठी त्याच वर्षी एक राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली. प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे असून व्यवसायपरत्वे आठवी किंवा दहावीपर्यंतचे शिक्षण आवश्यक असते.

पार्श्वभूमी : भारतीय समाजात कसब हे दीर्घकाळ घराण्यात व जातीत बंदिस्त होते. मुलगा बापाच्या हाताखाली शिके. ज्याच्या घरी भाता अथवा माग नाही, त्याला ते कसब शिकविण्यास सहसा कोणी तयार नसे. यंत्रयुगाने ही चौकट मोडेल, अशी अपेक्षा होती; परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांतील अनुभव वेगळा होता. अधिक वेतनाच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण त्यासाठी सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर आग्रहाने मांडला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आल्यानंतर १९४२ मध्ये शासनाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, तसेच सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांत त्यांच्या शिकाऊ उमेदवारीची सोय करावी, अशी मागणी केली. निव्वळ कला वा विधी शाखेच्या पदवीने या समाजाचे आर्थिक बळ वाढणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

प्रशिक्षणाचे स्वरूप : निम्म्याहून अधिक वेळ कार्यशाळेतील प्रत्यक्ष कामास दिला जातो. त्याच्या जोडीला व्यवसाय सिद्धांत, कार्यशाळा गणित व अभियांत्रिकी आरेखन हे विषय असतात. जोडारी व्यवसायात आरंभीचे कित्येक आठवडे कानशीने पोलादी तुकडा सपाट व काटकोनात घासण्यातच जातात. हे काम कंटाळवाणे वाटते. पण हाताला स्थैर्य व डोळ्याला पारख येते ती येथेच. पुढे एकमेकांत बसणारे दोन भाग तयार करावयाचे असतात. व्हर्निअर कॅलिपरने ०·०२ मिमी. पर्यंत मोजमाप घेतले जाते आणि काम जमले की नाही, हे निदेशकाच्या मर्जीवर नव्हे, तर मापावर ठरते. ज्यांची पात्रता पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी ठरविली, अशा समाजांतील मुलांच्या दृष्टीने या गोष्टीचे मोल मोठे आहे. आरेखनाचेही तसेच आहे. पाड्यावरून आलेल्या मुलाची बोली प्रमाण मराठीहून भिन्न असली, तरी आरेखनाची चिन्हे सर्वांनाच सारखी नवी असतात.

शिकाऊ उमेदवारी : संस्थेतील शिक्षणाला कारखान्यातील अनुभवाची जोड मिळावी, यासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ करण्यात आला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी त्या त्या राज्यातील लोकसंख्या लक्षात घेऊन जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. इतर मागास वर्गांसाठी तशी तरतूद २००७ मध्ये झाली. मात्र राखीव जागेस उमेदवार न मिळाल्यास ती इतरांकडून भरण्याची मुभा नियमांत आहे. त्यामुळे जागेची वार्ता दूरच्या गावापर्यंत वेळेवर पोहोचते की नाही, यावर बरेच अवलंबून राहते. शिवाय उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मूळ कायद्याने मालकावर घातले नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीनेही एवढेच झाले, की अशा उमेदवारांच्या भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवावयाचे. विद्यावेतन दीर्घकाळ अत्यल्प होते. २०१९ च्या नियमांनी ते शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे किमान ठरविले.

अडचणी : शुल्क हा शासकीय संस्थेत मुख्य अडथळा नसतो. तालुक्याच्या गावी राहण्या-जेवण्याचा खर्च व शिकत असताना बुडणारी मजुरी, हा खरा अडथळा होय. भूमिहीन कुटुंबातील मुलगा सुगीच्या वा ऊसतोडणीच्या हंगामात कार्यशाळेत गैरहजर राहू लागला, की त्याचे शिक्षण सुटण्याचा संभव वाढतो. ही गळती बुद्धीच्या अभावामुळे होते असे मानणे चुकीचे आहे. वसतिगृहाची सोय असेल, तर ती पुष्कळ अंशी टळते. मुलींचा प्रश्न आणखी निराळा आहे. त्यांच्यासाठी १९७७ मध्ये स्वतंत्र व्यावसायिक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तथापि शिवणकाम, भरतकाम यांसारख्या व्यवसायांकडेच त्यांना वळविण्याची प्रवृत्ती बराच काळ टिकून राहिली. वस्तुतः वीजतंत्री, आरेखक किंवा इलेक्ट्रॉनिकी या व्यवसायांत शारीरिक बळापेक्षा अचूकपणाला अधिक महत्त्व असते, आणि या व्यवसायांचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीला कारखान्याप्रमाणेच स्वतःच्या गावीही काम मिळू शकते.